वेंगुर्ला रॉक्सच्या पाकोळ्या दाखवणाऱ्या तांडेलकाकांस

आदरणीय तांडेलकाका,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या एप्रिलमध्ये आपण मला सिंधुदुर्गातल्या निवतीहून वेंगुर्ला रॉक्सला, समुद्रातल्या त्या खडकाळ बेटांकडे नेलेत, त्याबद्दल फोनवर आभार मानले होते. पण तेवढ्याने माझे समाधान झाले नाही. आपले नाव छापू नये असे आपण बजावले होते, म्हणून हे जाहीर पत्र नावाशिवाय, नुसते 'तांडेल' म्हणजे होडी चालवणारे काका म्हणून लिहीत आहे.

भारतीय पाकोळी (इंडियन स्विफ्टलेट) हा पक्षी जेमतेम १२ सेंटीमीटरचा, धुरकट तपकिरी रंगाचा. पक्षीशास्त्रज्ञ जेर्डन यांनी १८४० मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. पश्चिम घाट आणि श्रीलंकेत ती आढळते, पण समुद्रातल्या खडकावर तिची वसाहत पाहणे ही वेगळीच गोष्ट आहे. तिच्या इवल्या पायांची बोटे उभ्या कातळाला नख्यांनी लटकण्यापुरतीच उपयोगी, त्यामुळे फांदीवर बसणे तिला जमत नाही. दिवसभर हवेत उडतच ती पंखांच्या मुंग्या, माश्या, बारीक भुंगे टिपते. हे सारे मी वाचून आलो होतो. त्यांची वसाहत असलेल्या खडकातल्या गुहेतला अंधार मात्र आपल्यामुळे कळला.

गुहेच्या तोंडाशी आपण इंजिन बंद केलेत, होडी वल्ह्यावर सावरलीत आणि म्हणालात, "आता बोला नको, आयका." लाटेचा आवाज ओसरला तेव्हा आतून कोरडी, भराभर येणारी टक्-टक् ऐकू आली. उजेडातून आत शिरणारी प्रत्येक पाकोळी अंधाराच्या सीमेवर ती सुरू करत होती आणि बाहेर पडताच गप्प होत होती. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढणारे पक्षी जगात मोजकेच आहेत: काही पाकोळ्या आणि दक्षिण अमेरिकेतला तेलपक्षी. वटवाघळांचे असे आवाज बहुतेक वेळा आपल्या कानांच्या आवाक्याबाहेर असतात. पाकोळीचे मात्र सहज ऐकू येतात. ते आपण मला यंत्राविना ऐकवलेत.

परतताना खडकावर पडलेले एक जुने, तुटके घरटे आपण तळहातावर घेऊन दाखवलेत. अर्ध्या वाटीएवढे, शेवाळ, गवताच्या काड्या आणि पिसे यांचे, आणि या सगळ्याला बांधून ठेवणारी वाळलेली, पिवळसर, डिंकासारखी लाळ. विणीच्या हंगामात नर-मादीच्या लाळग्रंथी फुगतात आणि दोघे मिळून कातळावर थरावर थर चढवत जातात. आग्नेय आशियातील काही जातींची घरटी जवळजवळ निव्वळ लाळेची असतात. चिनी सूपसाठी त्यांना मोठी मागणी असते, आणि त्या मागणीची झळ आपल्या या पाकोळ्यांनाही बसली. आपण ते तुकडे होते तिथेच परत ठेवलेत, हे मी मुद्दाम नमूद करतो.

या गुहेतली घरटी चोरून विकली जात होती, हे या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या कामातून पुढे आले. घरटे उपटले की जोडी पुन्हा बांधायला लागते, पण तोवर हंगामाचे दिवस आणि अंगातली ताकद खर्ची पडलेली असते. अंडी दोनच, आणि पिल्लू उडण्याजोगे होईपर्यंत कित्येक आठवडे त्याच घरट्याला चिकटून राहते. म्हणून अंडी-पिल्ले असताना एकदा गुहा लुटली गेली, की त्या वर्षीची पिढीच जाते. कायदा कागदावर असतो. समुद्रातल्या खडकावर त्याची अंमलबजावणी करायला आपल्यासारख्यांचे डोळे लागतात. होडीत पाय ठेवण्यापूर्वीच आपण अट घातलीत की विणीच्या काळात आपली होडी कुणालाही गुहेत उतरवणार नाही, जादा भाडे दिले तरी नाही. एका हंगामातले ते उत्पन्न सोडणे आपल्याला किती जड जात असेल, याची मला कल्पना आहे, आणि माझे सर्वांत मोठे आभार त्यासाठी आहेत.

पावसाळ्यानंतर समुद्र शांत झाला की आमच्या निसर्ग मंडळातल्या मुलांना घेऊन येण्याचा विचार आहे. तारीख आपणच ठरवावी आणि आपली अट मुलांना आपल्याच तोंडून ऐकवावी, ही विनंती. काकूंना नमस्कार.

आपला ऋणी,
एक पक्षीनिरीक्षक