देरा म्हणजे दार

चिविता, कालाब्रिया, दक्षिण इटली
१७ ऑक्टोबर

ती. आई व ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

रविवारच्या फोनवर हे सगळं सांगायला गेले असते तर निम्मं राहून गेलं असतं, म्हणून लिहायलाच बसले. चिऊ झोपलीय, तुमचे जावईही झोपलेत. स्वयंपाकघरात चुलीची धग अजून आहे आणि बाहेर इतकं शांत आहे की कागदावर पेन फिरल्याचा आवाज येतोय.

आम्ही तिघं परवा इथे पोचलो. स्टुटगार्टहून लामेत्सियापर्यंत विमान, पुढे दीडेक तास भाड्याची गाडी. फ्राशिनेतोला महामार्ग सोडला की रस्ता अरुंद होत डोंगरात शिरतो. पसरणीच्या घाटात बाबा दर वळणाला हॉर्न द्यायचे, तसाच देत आलो. गाव साडेचारशे मीटर उंचीवर आहे. मागे पोल्लीनोचे डोंगर, एका अंगाला रागानेल्लो नदीची खोल घळ, आणि समोर हवा स्वच्छ असेल तर आयोनियन समुद्राची निळी रेघ. वस्ती हजाराच्याही आत. दुपारी दीडनंतर गल्लीत चिटपाखरू नसतं. कुणाच्या तरी घरात ताटल्या विसळल्याचा आवाज येतो, तोही थांबतो, आणि मग चार वाजेपर्यंत काहीच नाही.

माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं हे आजोळ. जर्मनी आणि इटलीमध्ये १९५५ साली मजूर नेण्याचा करार झाला, तेव्हापासून या भागातून माणसं जर्मनीला जात राहिली. तिचे आईवडील त्यांतलेच. मावशी मात्र काही वर्षं स्टुटगार्टच्या एका धोबीखान्यात काम करून परत आली आणि इथेच राहिली. आम्ही तिच्याच घरी उतरलोय. आमचं तिच्याशी बोलणं जर्मनमधून चालतं. तिचं जर्मन मोडकं आहे, पण जे बोलते ते नेमकं.

आई, इथली घरं तू बघायला हवी होतीस. जुनी घरं लहान, दगडी, बुटकी. वर दोन खिडक्या, मधोमध भिंतीबाहेर आलेलं धुराड्याचं नळकांडं, खाली दार. समोर उभं राहिलं की अगदी माणसाचा चेहरा दिसतो: डोळे, नाक, तोंड. इब्राहिम कोद्रा या अल्बेनियन चित्रकाराच्या नावावरून त्यांना 'कोद्राची घरं' म्हणतात. धुराडी तर घरागणिक वेगळी. कुठे छोटा मनोरा, कुठे कौलांची झोपडी, कुठे विटांची जाळी. घर पुरं झालं की गवंडी शेवटी धुराडं रचायचा आणि त्यात आपली कला दाखवायचा. वाईट वारं घरात शिरू नये हाही त्यामागचा एक हेतू, असं मावशी म्हणाली. चिऊने काल संध्याकाळपर्यंत एकोणतीस धुराडी मोजली आणि चौदांची चित्रं काढली. सोबत दोन पाठवतेय. निळं आहे ते मावशीचं.

पण हे पत्र मी धुराड्यांसाठी लिहीत नाहीये.

हे गाव इटलीत असलं तरी इथली घरची बोली इटालियन नाही. गावाच्या नावाची पाटीसुद्धा दोन भाषांत आहे. ही माणसं स्वतःला आर्बरेश म्हणवतात. त्यांचे पूर्वज अल्बेनियातून आले. बाबा, हा इतिहास खास तुमच्यासाठी. स्कंदरबेग नावाचा त्यांचा वीर लहानपणी ओलीस म्हणून तुर्की सुलतानाकडे दिला गेला. तिथेच वाढला, सुलतानाच्या फौजेत सरदार झाला, आणि १४४३ साली तिथून निघून आला, अल्बेनियातला क्रुयाचा किल्ला घेतला आणि आपलं निशाण लावलं. पुढची पंचवीस वर्षं त्याने तुर्कांना दाद दिली नाही. १४६८ मध्ये तो गेला आणि दहा वर्षांत क्रुयाही पडलं. मग माणसं समुद्र ओलांडून इकडे आली. दक्षिण इटलीतल्या ओस डोंगरांवर, भूकंपाने मोडलेल्या वस्त्यांच्या जागी त्यांनी घरं बांधली. चिविता त्यांपैकीच एक, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातली.

म्हणजे पाचशेहून जास्त वर्षं झाली. इतक्या वर्षांत यांनी बोली सोडली नाही. पूजापद्धतही सोडली नाही. इथलं चर्च पोपच्याच आज्ञेत आहे, पण विधी पूर्वेकडच्या बायझंटाइन वळणाचा. लुंग्रोला त्यांचं वेगळं धर्मपीठ १९१९ साली झालं, आणि त्यांच्यात लग्न झालेला माणूसही पाद्री होऊ शकतो. काल आत जाऊन बसले होते. वेदीपुढे संतांच्या चित्रांची उभी पडदी असते आणि तिला मधोमध दार. गाभाऱ्याबाहेर बसल्यासारखं वाटलं. हात आपोआप जोडले गेले.

आता खरी गोष्ट. काल मावशीने आमच्यासाठी 'द्रोमसा' केलं. तिने मोठ्या लाकडी पाटावर पीठ पसरलं. ओरेगानोची वाळकी जुडी पाण्यात बुडवली आणि पिठावर झटकली, सडा घालताना आपण हात झटकतो तशी. पाण्याचा थेंब पडला की पिठाची बारीक गोळी होते. पुन्हा जुडी बुडवायची, पुन्हा झटकायची, मधूनमधून बोटांनी पीठ हलकेच हलवायचं. मग सगळं चाळणीतून काढलं. कोरडं पीठ खाली पडलं, गुठळ्या वर राहिल्या. त्या गुठळ्या तिने थेट उकळत्या टोमॅटोच्या रश्शात सोडल्या. पिठल्यात एक गुठळी राहिली तर तू पातेलं पुन्हा घोटायला घ्यायचीस. इथे गुठळी हाच पदार्थ! पण चव अशी की चिऊने दोनदा मागून घेतलं. ओरेगानोचा वास पिठातच मुरलेला असतो. वरून घालून तो यायचा नाही.

पीठ पसरलेलं असताना वारा आला आणि दार धाडकन उघडलं. मावशीचे दोन्ही हात पिठाचे. तिने मानेनेच दाराकडे खूण केली आणि चिऊला तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. चिऊ उठली, दार लावलं आणि माझ्याकडे वळून ओरडली, "आई, ती दार म्हणाली!"

मला वाटलं, पोरीला भास झाला. मावशीला विचारलं. तिने दाराकडे बोट करून सावकाश म्हटलं, "देरा." इटालियनमध्ये दाराला पोर्ता म्हणतात, पण इथे देरा. मग तुमच्या जावयांनी समजावलं की अल्बेनियन, संस्कृत, जर्मन या सगळ्या फार जुन्या काळी एकाच कुळातल्या भाषा. द्वार, दार, देरा, जर्मन ट्यूर, सगळं मूळ एकच. ते खरंच आहे. पण आई, माझ्या मनात ते नव्हतं. चिऊ 'दार' हा शब्द मराठी म्हणून ओरडली होती. ट्यूर ओळखीचा शब्द असूनही तिला दार ऐकू आलं.

गणपतीत तू फोनवर म्हणाली होतीस, "पोर मला जर्मनमध्ये उत्तर देते, मी कुणाशी बोलू?" मी तेव्हा चिडले आणि शाळेचं, वेळेचं काहीबाही सांगितलं. ते खरं नव्हतं. खरं हे की संध्याकाळी थकून घरी आले की मीच तिच्याशी जर्मन बोलते, कारण उत्तर लवकर मिळतं. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

आणि काल रात्री मला आपल्या वाईच्या घराशेजारच्या तंजावरच्या काकू आठवल्या. व्यंकोजीराजांच्या काळात तिकडे गेलेल्या घराण्यातल्या. लग्न होऊन घाटावर आल्या तर आम्ही पोरं त्यांच्या बोलण्याच्या हेलाला हसायचो, "काकू मद्रासी बोलतात" म्हणायचो. तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून त्या घराने मराठी जपलं होतं, आणि आम्ही कृष्णाकाठी बसून त्यांना हसत होतो. आई, त्या अजून तिथेच असतील तर त्यांना भेटून ये आणि माझा नमस्कार सांग. नुसता नमस्कार नको. मला वाईट वाटतं, हेही सांग.

मी मावशीला विचारलं, इतकी वर्षं कशी टिकली तुमची बोली? मला वाटलं ती स्कंदरबेगाचं नाव घेईल. ती म्हणाली, "जितोनिया." म्हणजे चार-सहा घरांची दारं एका छोट्या अंगणात उघडतात, तो शेजार. नजर पोचते आणि हाक ऐकू येते तिथवर आपली जितोनिया, अशी त्यांची व्याख्या. नातलगापेक्षा शेजारी जवळचा, अशी म्हणही आहे त्यांच्यात. त्या अंगणात बायका शेंगा सोलायच्या, पोरं खेळायची, भांडणं व्हायची, ती सगळी आर्बरेशमध्येच. शाळेत इटालियन, अंगणात आर्बरेश. वाड्यातलं आपलं चौकातलं जगणं आणि हे, मला काही फरक दिसला नाही.

पण मावशीने पुढचंही लपवलं नाही. तिच्या जितोनियात सहा दारं होती, आता दोन उघडतात. बाकीच्यांना कुलपं. माणसं मिलानोला, तोरिनोला, जर्मनीला गेली. इटलीने १९९९ साली कायदा करून बारा भाषिक अल्पसंख्याकांना संरक्षण दिलं, त्यात हे आहेत. तरी युनेस्कोच्या यादीत ही बोली धोक्यात असलेल्यांत आहे. मावशीचा नातू मिलानोत असतो. त्याला आजीची बोली कळते, बोलता येत नाही. हे ऐकताना मी मान खाली घातली. जे पाचशे वर्षांत घडलं नाही ते दोन पिढ्यांत घडतंय, आणि त्यामागे कुणाचा जुलूम नाही, नोकरी आहे. आपल्यासारखीच. मला तर वाटतं, इतके दिवस ही बोली या डोंगरानेच सांभाळली. रस्ते झाले आणि ती उतरून गेली.

अल्बेनियातून कुणी भेटलं की ही माणसं त्याला 'आमचं विखुरलेलं रक्त' म्हणतात. ईस्टरनंतरच्या मंगळवारी इथे बायका जरतारी पोशाख घालून हातात रुमाल धरून साखळी करतात आणि गाणी म्हणत गावभर फिरतात. वाल्ये म्हणतात त्याला. साखळी वळत वळत एखाद्या परक्या पाहुण्याला मध्ये कोंडते. त्याने काही खाऊपिऊ घातल्याशिवाय सुटका नाही. मावशीने पेटीतला तिच्या आईचा पोशाख दाखवला. लाल घोळदार, जरीची किनार अंगठ्याएवढी रुंद, आणि घड्यांत वाळकी लव्हेंडरची फुलं. तू तुझ्या पैठणीत वाळ्याची जुडी ठेवतेस, तशी.

आज सकाळी घळीत उतरून सैतानाचा पूल बघितला. एकाच कमानीचा, दगडी, खाली पाहिलं की पोटात खड्डा पडतो. सैतानाने पूल बांधून दिला आणि मोबदल्यात पहिल्यांदा ओलांडेल त्याचा जीव मागितला, तर लोकांनी मेंढी पुढे सोडली, अशी गोष्ट सांगतात. जुना पूल १९९८ मध्ये कोसळला, आताचा पुन्हा बांधलेला आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये याच घळीत अचानक लोंढा आला आणि दहा माणसं गेली. मावशी आमच्याबरोबर खाली आली नाही. वरच्या कठड्याशीच थांबली आणि आम्ही परत येईपर्यंत तिथून हलली नाही.

चिऊचं कालपासून एकच चाललंय. दाराला दार, मग दाराच्या खालच्याला काय? उंबरा. बाजूच्याला? चौकट. लावायच्याला? कडी. कडी अडकते त्याला? कोयंडा. ती मावशीकडून तिचे शब्द घेते, माझ्याकडून आपले, आणि वहीत दोन रकाने करून लिहिते. तिचं देवनागरी वाकडंतिकडं आहे, पण मी दुरुस्त केलेलं नाही.

काल झोपायच्या आधी तिने विचारलं, रात्री दार आतून पक्कं करायला भिंतीतून ओढून घ्यायचं ते जाड लाकूड असतं, त्याला काय म्हणतात? मावशीच्या दाराला आहे तसं. आपल्या वाड्याच्या दिंडीलाही होतं, हात लावलेला आठवतोय, गुळगुळीत झालेलं. मी 'अडसर' सांगितलं. पण आजी तो शब्द वापरायची नाही. रात्री निजायच्या आधी ती माजघरातून हाक मारून विचारायची, "घातला का रे," आणि पुढे जो शब्द यायचा तो मला कालपासून आठवत नाहीये. अडणा की आणखी काही? बाबांना नक्की माहीत असेल, रोज तेच घालायचे. विचारून कळव. वहीत ती जागा मोकळी ठेवलीय.

तुमची,
ताई

ता. क. रविवारी चिऊशी बोलताना तिला समजावं म्हणून सोपं करून बोलू नकोस. शेजारणीशी बोलतेस तशी बोल.