बायोप्सीच्या आधी

सोलापूर

चि. मुक्ता हीस अनेक आशीर्वाद.

तुझे रिपोर्ट पाहिले, डॉक्टरांना ज्यांवरून ऑटोइम्यून हिपॅटायटिसची शंका येतेय ते. सगळ्यांची नजर एसजीपीटी या लिव्हरच्या एन्झाइमवर गेली, माझी लॅबमधल्या सवयीने प्रोटीनवर. एकूण ८.९, अल्ब्युमिन ३.६, म्हणजे उरलेलं ५.३ ग्लोब्युलिन. फारच जास्त. डॉक्टरांनी आयजीजी (ग्लोब्युलिनमधली एक अँटिबॉडी) लिहून दिलंय ते उगीच नाही.

तू विचारलंस, थायरॉईडची गोळी वेळेवर घेते, मग हे लिव्हरचं कुठून उपटलं? अगं, हाशिमोटोत, म्हणजे तुझ्या थायरॉईडच्या आजारातही शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच पेशींवर उलटते, ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये लिव्हरच्या पेशींवर तेच. अशा रुग्णांत थायरॉईड, सिलिअ‍ॅक (गव्हाने आतडं बिघडतं तो आजार), कोड, टाइप १ मधुमेह यांपैकी काहीतरी सोबतीला असणं नवं नाही. पण या सोबतीनेच निदानात घोळ होतो. थायरॉईड फार कमी पडला तर एसजीओटी हे दुसरं एन्झाइम स्नायूंमधूनही वाढतं. सिलिअ‍ॅकमध्येही एन्झाइम चढतात आणि गहू बंद केला की बहुधा उतरतात. आणि एएनए, म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्धची अँटिबॉडी! स्लाइडवर केंद्रकं हिरवी चमकताना मी नोकरीभर पाहिली. त्यांतली काही ठणठणीत माणसांची होती, थायरॉईडवाल्यांची तर बरीच. नुसत्या एएनएवर कोणी ‘आहेच’ म्हणालं तर मान डोलावू नकोस.

या हिपॅटायटिसच्या निदानाचे २००८ साली ठरलेले सोपे निकष आहेत. अँटिबॉडी, आयजीजी, बायोप्सी आणि विषाणूजन्य कावीळ नसणं, प्रत्येकाला जास्तीत जास्त २ गुण. ६ आले तर बहुधा आहे, ७ किंवा वर गेले तर नक्की. बायोप्सी टाळली तर सगळं जुळूनही ६ वरच गाडी अडते, हे गणित इंजिनिअरिंगच्या मुलीला मी काय शिकवू. बायोप्सीआधी प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त नीट गोठतं का, ते बघतील. भूल जागेपुरती देतात, उजव्या बरगड्यांमधून सुई जाते, नंतर काही तास पडून राहायचं. दुखतं थोडं, खोटं कशाला सांगू.

आता मावशीचा गुळवेलीचा काढा. तू घेत होतीस हे डॉक्टरांना सांगितलं नसशील तर आजच सांग आणि काढा बंद कर. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर लिव्हरला सूज आलेले रुग्ण नोंदवले. बायोप्सीत ऑटोइम्यूनसारखंच चित्र होतं. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण मांडले. आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं, मावशीलाही पटणार नाही. तिच्याशी मी बोलतो, तू वाद घालू नकोस.

निदान पक्कं झालं तर बहुतेक प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतील, जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिन. मनाने गोळी सोडायची नाही, चेहरा सुजला तरी. त्याचं डॉक्टरांशी बोलता येतं.

आई सोमवारी येतेय, कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन. पण टीटीजीचं, म्हणजे सिलिअ‍ॅकच्या तपासणीचं रक्त देईपर्यंत मेसची पोळीही खात राहा. गहू आधीच सोडला तर ती तपासणी फसते.

तुझा,
बाबा