तान्ह्या पोळ्याच्या वारसा-नोंदीसाठी सिंदीकरांना आवाहन

सिंदी (रेल्वे) येथील समस्त गावकरी, माहेरवाशिणी आणि पोटापाण्यासाठी नागपूर, पुणे, मुंबईला गेलेल्या सिंदीकरांना उत्सव समितीचा नमस्कार.

श्रावण अमावस्येला बैलांचा पोळा, दुसऱ्या दिवशी पोरांचा. विदर्भात तान्हा पोळा गावोगावी भरतो. पण आपले लाकडी नंदी पाहायला लोक बाहेरगावाहून येतात, ही पुण्याई आपल्या वाडवडिलांची. सागाचे लाकूड फुकट देणारे वखारवाले शेठजी, मजुरीचा शब्दही न काढता नंदीच्या डोळ्यांत जीव ओतणारे सुतारबाबा, पोरांना बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ-पैसा, वाटताना कधी हात आखडता न घेतलेल्या पेठेतल्या आजी. यांतले बरेच आज नाहीत. दोन वर्षांपूर्वी ज्या गुरुजींनी पेन्शनमधून मखराचा खर्च उचलला, त्यांचे ऋण समिती विसरणार नाही.

कोलकात्याची दुर्गापूजा २०२१ मध्ये आणि गुजरातचा गरबा २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. आपल्या गणेशोत्सवाला २०२५ मध्ये राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला. मग शेतकऱ्याच्या लेकरांच्या या सणाची सरकारदरबारी वारसा म्हणून नोंद का नको? मागचा अर्ज परत आला तो पुराव्याअभावी. परंपरा आहे म्हणून भागत नाही. चित्रीकरण, जुने फोटो, जाणत्यांच्या मुलाखती आणि गावाची लेखी संमती जोडावी लागते.

लिहिताना वाईट वाटते, पण त्यासाठी बोलावलेल्या बैठकीला नऊ जण आले. पोळ्याच्या दिवशी नंदीसोबत फोटो काढायला मात्र अख्खे गाव होते. तोरणाखाली ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ म्हणत झडत्यांवर झडत्या (पोळ्यात म्हणायची यमकाची कवने) फेकणारी दोन म्हातारी माणसे या वर्षभरात गेली. त्यांचा आवाज कुणीच भरून ठेवला नाही. उरलेल्यांच्या बाबतीत तरी असे होऊ देऊ नका.

वर्गणी यथाशक्ती, कोषाध्यक्षांकडेच द्यावी व पावती घ्यावी. जुने फोटो, वह्या आणाव्यात; नक्कल काढून त्याच दिवशी परत मिळतील. घरी जुना नंदी असल्यास रंग न देता, आहे तसाच दाखवावा. संमतीपत्रावर घरटी एक सही हवी; बाहेरगावच्यांनी घरच्यांमार्फत पाठवावी. झडत्या येणारे कुणी घरात असेल तर आधी कळवा, आम्ही घरी येऊ. सगळे आखाडीच्या (आषाढी पौर्णिमेच्या) आत, कारण पोळ्याआधी फाईल जायची आहे.

– सचिव, उत्सव समिती