एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नव्हे

संपादक महोदय,

लग्नसराईच्या तोंडावर एक रुपयाच्या कोऱ्या नोटांची बंडले दर्शनी किमतीपेक्षा चढ्या भावाने विकली जातात, ही बातमी आपल्या दैनिकात नुकतीच वाचली. बातमीत चूक काही नाही. अहेराच्या पाकिटावर वरचा रुपया लागतोच आणि इतवारीच्या बाजारात त्याची किंमत मोजणारेही मिळतात. मात्र सोबतच्या छायाचित्राखाली ‘रिझर्व्ह बँकेची सर्वांत लहान नोट’ असा मजकूर आहे, तो दुरुस्त व्हावा म्हणून हे पत्र.

रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 24 मध्ये बँकेच्या नोटांची यादी दोन रुपयांपासून सुरू होते. एक रुपयाची नोट भारत सरकार काढते, तिच्यावर गव्हर्नरांची नव्हे तर अर्थ मंत्रालयाच्या सचिवांची सही असते आणि रिझर्व्ह बँक ती केवळ सरकारच्या वतीने चलनात आणते. इतर नोटांवरील ‘मैं धारक को … रुपये अदा करने का वचन देता हूँ’ हे वाक्य तिच्यावर नाही, आणि 2011 च्या नाणे कायद्याने तर ही नोट ‘नाणे’ या व्याख्येतच घातली आहे. (मनमोहन सिंग यांची सही दोन्ही प्रकारच्या नोटांवर सापडते: सचिव असताना एक रुपयावर, पुढे गव्हर्नर झाल्यावर मोठ्या नोटांवर.)

हे वेगळेपण जन्मापासूनचे आहे. पहिल्या महायुद्धात चांदीचे भाव इतके चढले की तोळाभर वजनाचा चांदीचा रुपया पाडणे सरकारला परवडेना, म्हणून 30 नोव्हेंबर 1917 रोजी इंग्लंडमध्ये छापलेली एक रुपयाची नोट येथे चलनात आली आणि तिच्या कोपऱ्यात पंचम जॉर्जच्या रुपयाचे चित्रच छापलेले होते. त्या पहिल्या नोटेवर वचनाचे वाक्य होते, नंतरच्या एक रुपयांवरून ते गेले. पाठोपाठ 1918 च्या जानेवारीत अडीच रुपयांचीही नोट निघाली. आज ती संग्राहकांपलीकडे कुणाच्या स्मरणात नाही. दोन्ही नोटा 1926 मध्ये थांबल्या. दुसऱ्या महायुद्धात चांदीची तीच अडचण पुन्हा उभी राहिली, तेव्हा 1940 मध्ये एक रुपयाची नोट परत आली, आणि तिला रुपयाच्या नाण्याइतकीच मान्यता देण्यात आली. स्वतंत्र भारताची पहिली नोटही हीच, 1949 ची. राजाच्या जागी सारनाथची सिंहमुद्रा आली.

नाण्याच्या जागी आलेला कागद म्हणून तिच्यावर नाण्याचे चित्र, हा संकेत पुढेही सुटलेला नाही. आपल्या भागाशी जवळचे उदाहरण 1969 चे आहे. गांधी जन्मशताब्दीनिमित्त काढलेल्या दोन, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या नोटांवर बसलेले गांधीजी आणि मागे सेवाग्राम आश्रम दिसतो. वर्धा जिल्ह्यातील त्या कुट्या देशभराच्या खिशांत पोहोचल्या, याचा विदर्भात फारसा उल्लेख होत नाही याचे मला नेहमी नवल वाटते. त्याच मालिकेतील एक रुपयाच्या नोटेवर मात्र आश्रम नाही. तिथे गांधीजींची मुद्रा असलेले शताब्दीचे नाणे आहे. शताब्दीच्या उत्साहातही आरेखनकारांनी नोटेचा कायदेशीर स्वभाव सोडला नाही, हे मला त्या मालिकेतील सर्वांत विचारपूर्वक केलेले काम वाटते. आजच्या गुलाबी-हिरव्या नोटेवरही ₹ चिन्हाचे नाणे आहे, गांधीजींचे चित्र नाही. मागच्या बाजूला पंधरा भाषांतील मूल्य आणि ‘सागर सम्राट’ हा तेलविहिरी खोदणारा तराफा आहे. मुंबईजवळच्या समुद्रात 1974 मध्ये तेल सापडले ते याच तराफ्यावरून.

छपाईचा खर्च दर्शनी किमतीला भारी पडू लागल्याने 1994 मध्ये ही नोट छापणे थांबले आणि 2015 मध्ये पुन्हा सुरू झाले. छपाई थांबणे आणि चलनातून बाद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाजारात अजून पोहोचलेले दिसत नाही. ज्या बाजारात कोऱ्या नोटांच्या बंडलाला जादा पैसे मोजले जातात, तिथेच किराणा दुकानात तीच नोट पुढे केली तर ‘बंद झाली’ म्हणून परत मिळते. जुनी असो वा नवी, एक रुपयाची नोट आजही वैध आहे. छायाचित्राखालील मजकुराची दुरुस्ती छापताना एवढे एक वाक्य आपण ठळक अक्षरांत दिले, तर शहरातील ग्राहकांना ते कात्रण दुकानदाराला दाखवता येईल.

आपला,
एक वाचक, महाल, नागपूर