नाक चोंदलंय म्हणून थेंबांची बाटली उघडू नकोस

चि. सायली हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

तीन आठवडे नाक चोंदलंय, पण ताप नाही, शिंका नाहीत, घसा दुखत नाही, आणि रात्री त्रास वाढतो, असं तू सांगितलंस. ही सर्दी नव्हे गं, तुला सातवा महिना आहे त्याचाच हा परिणाम. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत उतरायला लागते. गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि हार्मोन्समुळे रक्तवाहिन्या सैलावतात. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मऊ, मांसल घड्या असतात. त्या या रक्ताने स्पंजासारख्या फुगतात आणि हवेची वाट अरुंद होते. शिंकरून काही बाहेर येत नाही ते यामुळेच. आत साचलेलं काही नाही, अस्तरच सुजलंय. साधारण पाच गरोदर बायकांपैकी एकीला हा त्रास होतो आणि बाळंतपणानंतर दोन आठवड्यांत तो आपोआप जातो. बाळाला हवा कमी पडेल ही भीती मनातून काढून टाक. तू तोंडाने श्वास घेतलास तरी त्याला पुरेसा प्राणवायू मिळतो.

आता नाकात घालायच्या थेंबांबद्दल, कारण तू त्याबद्दलच विचारलंस. झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन असलेले थेंब रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून पाच-दहा मिनिटांत नाक मोकळं होतं. काही तासांनी असर संपला की वाहिन्या पुन्हा फुगतात. सलग तीन दिवसांपेक्षा जास्त वापरलं तर ही उलटी सूज मूळच्या सुजेपेक्षा मोठी होऊन बसते, आणि मग थेंबांशिवाय झोपच येत नाही. तुझ्या नाकाचं कारण अजून तीन महिने राहणार आहे. तीन दिवसांच्या औषधाने तीन महिने काढता येत नाहीत. त्यातून बीपी वाढलेलं असेल तर हे औषध मुळीच नको. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलं तरच, आणि त्यांनी सांगितले तेवढेच दिवस. मेडिकलमध्ये 'नाकाचे थेंब द्या' एवढंच म्हणू नकोस. एकाच ब्रँडच्या नावाखाली या औषधाचेही थेंब मिळतात आणि नुसत्या सलाईनचेही, म्हणजे मिठाच्या पाण्याचे. खोका उलटा करून घटक वाच. तिथे औषध म्हणून फक्त सोडियम क्लोराइड, म्हणजे मीठ, लिहिलेलं हवं.

हे सलाईनच तुझं खरं औषध. फवाऱ्याची बाटली असेल तर प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे मार, दिवसातून चार-पाच वेळा आणि झोपण्याआधी. यात औषध काहीच नाही, म्हणून सवय लागत नाही. चुरचुरलं तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली बाटली माग.

फवाऱ्याने भागलं नाही तर नाक धुवायचं. पाण्याची काळजी मात्र कसोशीने घे. नळाचं, टाकीचं किंवा आरओचं पाणी तसंच नाकात घालू नकोस. नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे थेट मेंदूत जातो. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण सापडले. तेच पाणी प्यायलं तर या अमीबापासून धोका नसतो, नाकात गेलं तर असतो, हा फरक पुष्कळांना माहीतच नसतो. अर्धा लिटर पाणी घे, रटरट उकळी आल्यावर तीन मिनिटं उकळू दे, झाकून कोमट होऊ दे. त्यात साडेचार ग्रॅम मीठ घाल. पाच मिलीच्या मापाच्या चमच्याने पाऊण चमचा बारीक मीठ म्हणजे तेवढंच. वर चिमूटभर खाण्याचा सोडा घाल, बेकिंग पावडर नव्हे. आयोडीनयुक्त मीठ काहींना चुरचुरतं. तसं झालं तर मेडिकलमध्ये नाक धुण्याची तयार पुडी मिळते, ती घे. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळव, पण पाणी उकळलेलंच हवं.

नाकात झोंबलं तर बहुधा मीठ कमी-जास्त झालंय किंवा पाणी फार गार आहे. नुसतं साधं पाणीही झोंबतं, कारण ते पेशींत शिरून अस्तर आणखी फुगवतं. उरलेलं पाणी चोवीस तासांनंतर टाकून दे.

धुण्यासाठी बेसिनपाशी उभी राहा आणि एका हाताने त्याच्या कडेचा आधार घे. सातव्या महिन्यात वाकल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून कमरेतून फार झुकू नकोस. डोकं एका बाजूला कलतं कर, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घे, आणि वरच्या नाकपुडीत बाटली किंवा नेतीचं भांडं लावून पाणी हळूहळू सोड. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येतं. घशात उतरलं तर थुंकून टाक. शे-सव्वाशे मिली एका बाजूने, तेवढंच दुसऱ्या बाजूने. मग मान खाली करून पाणी निथळू दे आणि एकेक नाकपुडी हलक्याने शिंकर. दोन्ही दाबून जोर लावलास तर पाणी कानाकडे ढकललं जातं. दोन्ही बाजू ठार बंद असतील तर बाटली दाबून पाणी रेटू नकोस. आधी सलाईनचा फवारा मार, दहा मिनिटं थांब, मग धू. जेवणानंतर लगेच धुवू नकोस, मळमळतं. भांडं साबणाने धुऊन उपडं वाळव.

रात्रीचं सांगतो. उशांची चवड करून फक्त मान वर केलीस तर पोटावर दाब येतो आणि मानही दुखते. गादीच्या उशाकडच्या बाजूखाली दोन घडीच्या चादरी सरकव, म्हणजे कमरेपासून वरचं अंग तिरकं राहील. डाव्या कुशीवर झोप, उताणी नको. ज्या कुशीवर झोपशील त्या बाजूची नाकपुडी चोंदते आणि वरची मोकळी होते. त्यामुळे थोडा वेळ उजव्या कुशीवर वळलीस तरी काही बिघडत नाही. नाकावर बाहेरून चिकटवायची पट्टी मिळते, तिच्यात औषध नसतं, ती नाकाच्या कडा नुसत्या बाहेर ओढते. कातडी कोरडी करून, क्रीम न लावता, हाडाच्या लगेच खाली लाव. पुण्याच्या थंडीत हवा कोरडी असते, म्हणून खोलीत ओला टॉवेल वाळत घाल. मच्छरची कॉइल, धूप, उदबत्ती झोपायच्या खोलीत नको. धुराने अस्तर आणखी सुजतं.

वाफ घ्यायची असेल तर पाच मिनिटं, साध्या पाण्याची. ती सूज उतरवत नाही, पण बरं वाटतं. भांडं मांडीवर किंवा जमिनीवर घेऊ नकोस, पोटामुळे वाकताना तोल जातो आणि उकळतं पाणी सांडतं. टेबलावर आत सरकवून ठेव. गॅस गीझर लावून बाथरूमचं दार बंद करून वाफेत बसू नकोस. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि तो तुझ्यापेक्षाही बाळाला जास्त बाधतो.

ओव्याची कोमट पुरचुंडी हुंगायला हरकत नाही, त्यात कापूर मात्र घालू देऊ नकोस. बाम नाकपुडीच्या आत लावू नकोस. मेन्थॉलने थंड वाटतं, म्हणून नाक उघडल्याचा भास होतो. नाक तेवढंच चोंदलेलं असतं. तुझ्या सासूबाई मायेने काढा देतील. आलं-तुळशीचा चहा घे की, पण ज्येष्ठमध असेल तर नम्रपणे नाही म्हण. ज्येष्ठमधाने बीपी वाढतं, आणि गरोदरपणात तो टाळायलाच सांगतात. खोकल्याच्या गोळ्यांतही तो असतो, वेष्टन वाचत जा.

सर्दीच्या तयार गोळ्या घरात असतील तर त्या बाजूला काढून ठेव. त्यांत बहुधा फेनिलएफ्रिन असतं, तेही रक्तवाहिन्या आवळतं. काहींत आयब्युप्रोफेन असतं, ते तुला चालत नाही. डोकं दुखलं तर नुसती पॅरासिटामॉल ५०० मिलीग्रॅम घे, आणि तिच्याबरोबर दुसरी सर्दीची गोळी नको, नाहीतर पॅरासिटामॉल दोनदा जातं. डॉक्टरांनी कमी मात्रेची ऍस्पिरिन दिली असेल तर ती स्वतःहून बंद करू नकोस, ती वेगळ्या कारणासाठी असते. शिंका, डोळ्यांना खाज, पाणी असं सुरू झालं तर ती ऍलर्जी. तिच्यावर गरोदरपणात चालणारी औषधं आहेत, डॉक्टरांना विचार.

घोळणा फुटला तर घाबरू नकोस. बसून पुढे झुक, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत धर आणि घड्याळ लावून दहा मिनिटं सोडू नकोस. कांदा हुंगणं, मान मागे टाकणं, आडवं होणं, काहीच नको. तोंडात आलेलं रक्त थुंकून टाक, गिळलं तर उलटी होते. अर्ध्या तासात थांबलं नाही तर दवाखाना गाठ.

ताप १००.४ च्या वर गेला, किंवा गालाचं हाड दुखून दहा दिवसांवर घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येत राहिला, तर दाखव. अंगदुखीसह ताप असेल तर त्याच दिवशी फोन कर. गरोदरपणात फ्लू जड जातो आणि त्याचं औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू केलेलं बरं. दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, फार डोकं दुखलं, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर तडक जा, नाकाचं नंतर बघू.

आणि जावईबापूंना एक विचार. तू हल्ली घोरतेस का, झोपेत श्वास मध्येच थांबतो का? तुला स्वतःला ते कळणार नाही. नव्याने सुरू झालेलं घोरणं आणि वाढलेलं बीपी पुष्कळदा जोडीने येतात. उत्तर 'हो' असेल तर पुढच्या तपासणीला थांबू नकोस, याच आठवड्यात बीपी मोजून घे आणि आकडा मला कळव.

तुझे,
बाबा