रविवारची बैठक : ‘देव मानतो, पण धर्म नको’ म्हणणाऱ्यांशी बोलताना

प्रिय बंधुभगिनींनो, जय ख्रिस्त.

येत्या रविवारी उपासना संपल्यावर, सकाळी 11.30 वाजता, मंडळीच्या सभागृहात तासाभराची बैठक आहे. तरुण संघ आणि महिला मंडळाने जरूर यावे. चहा आहे.

आपल्या ओळखीत अशी माणसे वाढली आहेत. कोणी इगतपुरीला दहा दिवस विपश्यना करून येतो, कोणी रोज पहाटे ध्यानाला बसते. देवळात किंवा चर्चमध्ये मात्र जात नाहीत. माझ्या शेजारच्या ताई परवा जिन्यात म्हणाल्या, “मला शांती हवी, नियम नकोत.” मी घाईने वचन सांगायला लागले आणि त्या गप्प झाल्या. तेव्हा आधी ऐकायला हवे होते, हे मला मनापासून वाटते.

येताना :
- बायबल आणा. प्रेषितांची कृत्ये 17:16-34 घरी वाचून या. अथेन्समध्ये प्रेषित पौल ‘अज्ञात देवाला’ या वेदीपासूनच बोलायला सुरुवात करतो.
- स्वतःची साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते, तीन मिनिटांत सांगता येईल अशी तयार ठेवा. ‘तारण’, ‘अभिषेक’ हे शब्द न वापरता.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली साताऱ्यात सुरू केलेल्या ‘देवाचा दरबार’ या ख्रिस्तभक्तांच्या बंधुमंडळाविषयीही बोलू, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.

एक नियम सर्वांसाठी : कोणावरही दबाव नाही, आमिष नाही, वाद नाही. कोणी नको म्हटले की विषय तिथेच थांबवायचा. मैत्री मात्र थांबवायची नाही.

येणाऱ्यांनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत आपल्या विभागप्रमुखांकडे नाव द्यावे.

— सचिव, मंडळी समिती