उंची हाच निकष नव्हे

व्हॉलीबॉल हा उंच खेळाडूंचाच खेळ, असे सांगणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. निष्कर्ष पटला नाही. अमेरिकेतील होल्योक येथे १८९५ मध्ये विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ बेतला, तो बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या वयस्क मंडळींसाठी. जाळीही तेव्हा जेमतेम साडेसहा फुटांवर होती. आज पुरुषांची जाळी २.४३ मीटरवर आहे, हे खरे. पण बचाव बळकट व्हावा म्हणून १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांत ‘लिबेरो’ आला. वेगळ्या रंगाची जर्सी घालणाऱ्या या खेळाडूला ब्लॉक करण्याची, म्हणजे जाळीपाशी हात उंचावून स्मॅश अडवण्याची, मुभाच नाही. त्याने स्मॅश उचलायचे. त्याला उंची कशाला हवी? निवड चाचणीत आधी मोजपट्टी काढणाऱ्यांना लेखाने आयतेच निमित्त दिले.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली